नकटीला आलेला वास

यंत्रांना नाव ठेवायची आणि माणसांना नावं ठेवायची हौस कुपवाडच्या त्या वर्कशॉपला पहिल्यापासूनच होती. तेल गाळायच्या यंत्राला तिथे 'गवळण' म्हणत आणि जड पंप उचलणाऱ्या क्रेनला 'मावशी'. गळती हुंगणारं नवं यंत्र खोक्यातून बाहेर निघालं, त्याचं नाक म्हणजे बोटभर लांबीची बोथट नळी आहे हे सगळ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळच्या चहाच्या आत त्याचं बारसं उरकलं. नाव ठेवलं नकटी.

नकटी आली आणि सन्मती मगदूमचं निम्मं काम हलकं झालं. सन्मती तिथली इन्चार्ज. सांगली-मिरजेच्या आसपास ज्या ज्या कारखान्याला व्हॅक्यूम लागतो, म्हणजे औषधवाले, दूध पावडरवाले आणि अलीकडे निर्वात कपाटात द्राक्षं सुकवणारे बेदाणावाले, त्या सगळ्यांचे पंप दुरुस्तीला तिच्याकडे येत. पंप उघडायचा, पोटातलं काळंकुट्ट तेल काढायचं, झिजलेल्या पात्या आणि रबरी कड्या बदलायच्या, पुन्हा बंद करून तपासायचा. लगेच नको असेल तर झोपवायचा. झोपवणं म्हणजे पंपाच्या दोन्ही तोंडांवर पोलादी झाकण लावायचं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि ताजं तेल घालायचं आणि वरून जाड कव्हर ओढायचं. असे झोपलेले पंप मागच्या लांबलचक शेडमध्ये रांगेने ठेवलेले असत. शेडचं नाव अर्थातच झोपघर. कुणाचा चालता पंप ऐन कामात बसला की झोपघरातला एक जागा करून टेम्पोत घालायचा आणि पाठवून द्यायचा.

व्हॅक्यूम म्हणजे पोकळी. बंद भांड्यातली हवा काढून घ्यायची आणि परत आत शिरू द्यायची नाही, एवढाच हा धंदा. पण हवेइतकी चिवट गोष्ट दुसरी नाही. केसाहून बारीक फट मिळाली तरी ती आत घुसते आणि ती फट शोधताना पूर्वी नाकी नऊ यायचे. महागडा हेलियम फवारायचा, तो पसरायचा सगळीकडे, आणि फट राहायची जागच्या जागी. नकटीचं काम सोपं होतं. पंपात हलकासा दाब भरायचा आणि सांध्यांवरून तिची नळी फिरवायची. ती समोरची हवा चिमूटभर आत ओढायची, तिच्यातल्या रेणूंना विजेचा झटका देऊन फोडायची आणि तुकड्यांची वजनं करायची. फुटलेल्या बशीचे तुकडे बघून घरातली बाई कुठल्या सेटमधली बशी गेली ते सांगते, तसं नकटी तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखायची. हे वजनाचं तंत्र तसं जुनंच, पण त्याला कपाटाएवढं यंत्र लागे. आता ते नखाएवढ्या चकतीवर मावलं होतं, आणि शेकडो वास एकमेकांत कालवलेले असले तरी ते निवडून काढायची अक्कल त्याला शिकवलेली होती. सांध्याजवळ पंपाच्या तेलाचा वास डोकावला की पडद्यावर उमटायचं, गळती इथे आहे.

सुरुवातीला मात्र नकटीने उच्छाद मांडला. नखांचा रंग काढायला वापरतात त्या असिटोनशिवाय या धंद्यात पान हलत नाही. धातूचा प्रत्येक भाग असिटोनने पुसल्याशिवाय पंप बंद करायचा नाही, हे तिथलं सोवळं. त्यामुळे हवेत असिटोन, हातांना असिटोन, कपड्यांना असिटोन. नकटी जिकडे वळेल तिकडे 'असिटोन, असिटोन' म्हणून कोकलायची. शेवटी सन्मती वैतागली आणि तिने यंत्राला हुकूम सोडला: जे हुंगशील त्यातून असिटोन वजा करून मग बोल. तेव्हापासून नकटीच्या लेखी असिटोन जगात नव्हतंच, आणि सगळे सुखाने कामाला लागले.

अशी नाकं गावोगाव पसरली तशी लोकांच्या ध्यानात आलं की ती पंपाइतकीच माणसालाही हुंगतात. बसच्या दारात नाक बसलं, ड्रायव्हरने आधी त्यात फुंकायचं आणि मगच स्टिअरिंग धरायचं. लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर मुलाचा श्वास मागणारे सासरे निघाले. तंबाखू सोडल्याच्या शपथा घेणाऱ्यांची तर फारच पंचाईत झाली, कारण वेलदोडा चघळून बायकोला गुंगारा देता येतो, नाकाला देता येत नाही. मग कुठल्याशा दूरच्या कारखान्यात प्यालेल्या माणसाच्या हातून मोठा अपघात झाला, विमा कंपन्यांनी डोळे वटारले, आणि नकटीच्या पोटात एक नवा विभाग येऊन बसला. आता सकाळी आत येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे फुंकर मारूनच कामाला लागायचा. श्वासात दारू सापडली तर पहिल्या वेळी पिवळा दिवा, तोही फक्त इन्चार्जच्या पडद्यावर. दुसऱ्या वेळी लाल. लाल दिवा थेट मुख्य कचेरीत लागायचा आणि माणसाची नोकरी तिथेच संपायची.

दोन हजार अडतीस सालच्या भाद्रपदात, जैनांचं पर्युषण पर्व सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, सन्मतीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. पुढे नाव होतं भरतेश मगदूम. तिचे सासरे.

सन्मतीने पडदा चटकन भिंतीकडे वळवला.

भरतेश मगदूम यांनी आयुष्याची चांगली वर्षं दारूत घालवली होती. बायको गेली तीही त्या काळजीनेच, असं सगळं गाव म्हणे. अशाच एका पर्वात ते पिऊन मंदिरात शिरले आणि भर अभिषेकाच्या वेळी कलशासकट आडवे झाले. सगळ्या समाजाच्या देखत त्यांना उचलून बाहेर आणलं ते त्यांच्या मुलाने, सम्मेदने. दारातच तो म्हणाला होता, आजपासून मला वडील नाहीत. आणि तो शब्द त्याने पाळला होता. त्या दिवसानंतर तो वडिलांशी एक अक्षर बोलला नव्हता.

पुढे म्हातारा खरंच सुधारला. पण सुधारलेल्या माणसावर विश्वास टाकायला कुणीतरी लागतं, आणि त्या घरात ती एकटी सन्मतीच निघाली. तिने मालकांना शब्द दिला आणि सासऱ्यांना झोपघरावर कामाला ठेवलं. आवारातली मागची एक खोलीही त्यांना मिळाली. रोज सकाळी स्वतःच्या डब्याबरोबर ती त्यांचा डबा आणायची. सम्मेदला सगळं माहीत होतं. त्याने एकच अट घातली होती.

"तुझ्या जबाबदारीवर ठेव," तो म्हणाला होता. "पण परत एकदा जरी वास आला, तर त्यांना बाहेर तू काढायचं. मग त्यांचं नाव माझ्यापुढं कधी काढायचं नाही."

सन्मती हो म्हणाली होती. तेव्हा तिला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं.

पिवळा दिवा बघून ती उठली आणि झोपघराच्या दारात सासऱ्यांना गाठलं.

"मामा, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? बरी हाय की." भरतेशअण्णांनी बोलताना तोंडापुढे हात धरला आणि ते लगबगीने आत गेले.

चालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतलेला तिने पाहिला. डोळे खोल गेलेले, हाताला कंप, आणि तोंडावर तो हात. संशय एकदा मनात शिरला की त्याला पुराव्यांचा तोटा पडत नाही. तरी ती स्वतःशी म्हणाली, यंत्र आहे, एखादे वेळी चुकतं. संध्याकाळी डबा नेहमीसारखा घासूनपुसून रिकामा परत आला, तेव्हा तिला जरा धीर आला. जेवण तर जातंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. नकटीची साफसफाई आहे, आज कुणी फुंकू नका, असं दारातच सांगून टाकलं. लाल दिव्यापासून सासऱ्यांना वाचवायचं, एवढंच तिला सुचलं. मग सगळे कामाला लागल्यावर नळी हातात घेऊन ती झोपघरात गेली; गळती शोधताना नकटी जे हुंगायची त्याची नोंद कचेरीत जात नसे. भरतेशअण्णा एका पंपात तेल ओतत होते. ती शेजारच्या पंपाचे सांधे तपासल्यासारखं करत त्यांच्या खांद्याशी आली आणि हळूच नळी त्यांच्या तोंडाच्या बाजूला वळवली.

पडदा म्हणाला, अल्कोहोल. कालच्यापेक्षा जास्त.

सन्मती केबिनमध्ये येऊन बसली. आधी तिला रडू आलं आणि मग संताप आला. सगळ्या गावाने वेड्यात काढलं तरी ज्याच्या बाजूने उभं राहावं, त्यानेच असं तोंडघशी पाडावं? तिने फोन उचलला. सम्मेदचा तासगावच्या रस्त्याला बेदाण्याचा कारखाना होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याला 'अहो' म्हणायची, ते झिजत झिजत केव्हाच 'अरे'वर आलं होतं.

"अरे, ऐक. तुझं खरं होतं."

तिकडे यंत्रांचा आवाज येत होता. तो बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"प्यालेत?"

"नकटी म्हणतीय. काल पण आणि आज पण."

"दुपारनंतर गाडी घेऊन येतो. त्यांचं सामान भरून ठेव. निपाणीला आत्याकडं नेऊन सोडतो." मग तो म्हणाला, "तू रडू नको. तुझी काय चूक नाही यात."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हताच, हे आज ना उद्या होणारच होतं असा थकवा होता. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आता निदान बाटली तरी शोधून काढावी. म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले तर पुढ्यात आपटायला काहीतरी पाहिजे.

जेवणाची सुट्टी संपल्यावर ती नळी घेऊन झोपघराच्या मागच्या दाराकडून शिरली. पंपांच्या रांगांमधून, तेलाच्या डब्यांमागून, कव्हरांच्या ढिगाखालून तिने नकटी फिरवली. तेल, जुनं तेल, गंज न लागायचा लेप, उंदीर. दारूचा थेंब कुठे नाही. शेडच्या टोकाला वॉचमन गौस मुल्लाची टपरीवजा खोली होती. गौसभाई खुर्चीत रेलून जेवणानंतरची डुलकी काढत होता. त्याच्यावरून नळी गेली आणि पडद्यावर शब्द उमटला, हिंग.

सन्मती थबकली. तिने नळी पुन्हा त्याच्या तोंडाजवळ नेली. हिंग, मूग, जिरं. कांद्याचं नाव नाही, लसणाचं नाव नाही.

"गौसभाई."

तो दचकून उभा राहिला. "जी म्याडम."

"आज डब्यात काय होतं?"

"कुणाच्या? माझ्या? ते आपलं... बोटी होती जरा."

"नकटी मुगाची आमटी म्हणतीय. माझ्या घरची."

गौसभाईने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "म्याडम, मला शपथ घातलीया हो अण्णांनी. पर्व लागल्यापासनं तुमचा डबा मीच खातोय. खरं सांगू का, कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई, आणि चार दिवस झालं. आणखी आठवडाभर चाललं तर मलाच मंदिरात न्यावं लागतंय बघा."

"आणि मामा काय खातात?"

"काय सुदिक न्हाई. दिवसातनं एकदा माझ्या शेगडीवर पाणी उकळून घेत्यात, तेवढंच. मी म्हटलं, अण्णा, मराल. तर म्हणाले, मेलो तर तुझी जीभ सुटली, तवर गप बस."

सन्मती तिथल्याच एका खोक्यावर मटकन बसली. चार दिवस पोटात अन्न नाही. तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि जे दिसलं त्याने तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला की अंगातली साखर संपते आणि शरीर चरबी जाळायला घेतं. चरबी जळताना रक्तात असिटोन तयार होतं, तेच असिटोन, ज्याने ती रोज पंप पुसायची. ते श्वासातून बाहेर पडतं. त्यातलं थोडंसं यकृतात बदलून एका वेगळ्या जातीचं अल्कोहोल बनतं. ते दारूतलं नव्हे, पण नकटीच्या झटक्याने फुटलं की त्याचाही तुकडा दारूच्या एका तुकड्याच्याच वजनाचा निघतो. शहाणं यंत्र यात फसत नाही. सोबत भरपूर असिटोन दिसलं की ते ओळखतं, हा माणूस उपाशी आहे. असिटोन नसेल तर म्हणतं, हा प्यालेला आहे. आणि नकटीला असिटोन दिसणार कुठून? ते वजा करून बोल असा हुकूम तिला सन्मतीनेच दिला होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही दारात अण्णांच्या श्वासाला उपवास म्हटलं असतं. पंपवाल्यांच्या दारात त्याची दारू झाली होती.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि गौसभाई घाबरून तिला पाण्याचा तांब्या आणायला धावला.

ती उठून रांगांमधून पुढे गेली. झोपवलेला पंप नुसता ठेवून चालत नाही. आतल्या पात्या एका जागी बसून चिकटतात, म्हणून ठरलेल्या दिवशी प्रत्येकाचा दांडा हाताने फिरवावा लागतो. भरतेशअण्णा तेच करत होते. कव्हर उचलायचं, दांडा धरायचा, सावकाश फिरवायचा, आणि फिरवताना ओठांतल्या ओठांत जैनांचा णमोकार मंत्र म्हणायचा. एका पंपाला एक णमोकार. जपमाळेचे मणी जरा वजनदार होते, एवढंच.

"मामा," ती म्हणाली, "पंचमीपासून पोटात काही नाही ना?"

अण्णांचा हात दांड्यावरच राहिला. "गौसनं सांगितलं व्हय? त्या माणसाच्या पोटात काय राहत न्हाई."

"राहतंय की. माझी आमटी राहिलीय."

अण्णा ओशाळं हसले आणि खाली पंपाच्या पायावर टेकले.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?" सन्मतीचा आता चांगलाच पारा चढला. सुटका झाल्यावर येतो तो राग. "अल्सर आहे, उपाशी राहायचं नाही. सांगितलं होतं का नाही? चक्कर येऊन या पोलादावर डोकं आपटलं असतं म्हणजे? मी काय तोंड दाखवलं असतं?"

"पाचच उपास हायत. उद्या एक झाला की संपलं."

"मला सांगायला काय झालं होतं? मी काय नको म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंस की."

"ते म्हटलं असतं," सन्मतीने कबूल केलं. "पण सांगायचं तरी."

अण्णांनी पंपावरचं कव्हर नीट केलं. मग खाली बघत म्हणाले, "सांगून केलेलं आजवर सगळं मोडलंय गं मी. सम्याच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, मोडली. त्याच्या आईपुढं सोडली, मोडली. देवापुढं सोडली, ती तर दुसऱ्या दिवशीच मोडली. शेवटी सुटली ती कुणाला न सांगता. म्हटलं, हे बी न सांगताच करावं. पार पडलं तर क्षमावाणीला त्याच्या दारात जायचं. न्हाई पडलं तर कुणाला कळायचं न्हाई."

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडून क्षमा मागतो. अण्णा वर्षानुवर्षं ओळखीच्या सगळ्यांकडे जाऊन येत. मुलाच्या दाराशी जायची मात्र त्यांची हिंमत झाली नव्हती.

"मामा," सन्मती म्हणाली, "मी सम्मेदला फोन केलाय. तुम्ही प्यालात म्हणून सांगितलं."

अण्णांनी वर पाहिलं. ते रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता.

"तू तरी काय करणार," ते म्हणाले. "मी दुसरं काय शिकवलंय घराला?"

हे ऐकून मात्र तिला राहवेना. तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. आधी केबिनमध्ये जाऊन नकटीचा जुना हुकूम रद्द केला. हुकूम सुटताच नकटीने चहूकडे असिटोनचा धोशा लावला, म्हणून ती यंत्रासकट अण्णांना बाहेर मोकळ्या आवारात घेऊन आली. तिथे वारा होता आणि वर्कशॉपचा वास पोचत नव्हता. तिने त्यांना हात धुवायला लावले आणि नळी पुढे केली.

"फुंका."

अण्णांनी फुंकर मारली. पडद्यावर आलं: दीर्घ उपवास. मद्य आढळले नाही. अन्न घेण्याचा सल्ला द्यावा.

"बघा, नकटीसुद्धा जेवा म्हणतीय," सन्मती म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले. मुख्य कचेरीला काय कळवायचं ते सावकाश कळवता येणार होतं. चूक तिची होती आणि ती तिने आनंदाने कबूल केली असती. तेवढ्यात फाटकातून सम्मेदची गाडी आत आली.

तो उतरला. नेहमीप्रमाणे वडिलांकडे न बघता तो सरळ बायकोशी बोलला.

"सामान भरलं?"

सन्मतीने एका दमात सगळं सांगितलं. असिटोन, हिंग, गौसभाई, पाच उपवास, आणि तिचा तो हुकूम. सांगताना तिला वाटत होतं की आता याचाही चेहरा उजळेल. तो तसाच दगडासारखा राहिला. तिने पडदा त्याच्यासमोर धरला.

"सकाळी हेच यंत्र दारू म्हणत होतं," सम्मेद म्हणाला. "मग तू त्यात काहीतरी फिरवलंस आणि आता ते उपवास म्हणतंय. आणखी थोडं फिरव, म्हणजे मुनीमहाराज म्हणेल."

"अरे, पण मी समजावून सांगते ना..."

"तू चांगली आहेस, सन्मती. म्हणून तुला यंत्र पण तुझ्या मनासारखं बोलतंय."

त्याचं चुकत नव्हतं. ज्या यंत्राचं तोंड आपणच दोनदा फिरवलं, त्याची साक्ष दुसऱ्याने का मानावी? तिला वाटलं, हातात आलेलं सगळं आता निसटणार.

"जाऊ दे गं," अण्णा म्हणाले. "भरतो मी सामान. काय लई न्हाई." ते खोलीकडे वळले, दोन पावलं चालले आणि उन्हात त्यांचा तोल गेला.

सम्मेद विचार करायच्या आत पुढे झाला होता. त्याने त्यांना दंडाला धरून सावरलं, आणि बापलेकांची तोंडं कित्येक वर्षांत पहिल्यांदा इतकी जवळ आली.

लग्नानंतर एकदाच त्याने सन्मतीला एक गोष्ट सांगितली होती. लहानपणी वडील संध्याकाळी घरी आले की आई त्याला पुढे पाठवायची. जा, दादांच्या मांडीवर बस जा. त्याने मांडीवर बसायचं, गळ्यात हात टाकायचे, आणि परत स्वयंपाकघरात येऊन आईला नुसत्या मानेने सांगायचं, आहे की नाही. त्यावरून आई ठरवायची, ताट वाढायचं की पोरांना घेऊन शेजारी जायचं. त्या घरातलं नाक तो होता. बहुतेक वेळा त्याची मान 'आहे' म्हणूनच हलायची, आणि त्यापायी त्याला वडिलांची मांडी आयुष्यभर नकोशी झाली होती.

आता त्याने दंड सोडला नाही. तोंड वडिलांच्या तोंडाजवळ नेलं आणि श्वास आत घेतला. अण्णांनी सवयीने हात वर नेला आणि अर्ध्यावरच खाली सोडला. सम्मेदने पुन्हा एकदा श्वास घेतला, सावकाश, डोळे मिटून. मग त्याने सन्मतीकडे बघितलं आणि लहान मुलासारखी मान हलवली. नाही.

"आईच्या तोंडाला यायचा हा वास," तो म्हणाला. "पर्वात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर. जवळ घेतलं की यायचा."

सन्मतीने नकटी खाली जमिनीवर ठेवून दिली.

"गाडीत बसा," सम्मेद वडिलांना म्हणाला. "उद्याचा एक दिवस घरी काढा. पारणं घरीच होऊ दे. ही करेल मुगाचं पाणी."

भरतेशअण्णांचे ओठ हलायला लागले. त्यांनी त्याच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोडले. "सम्या, मला..."

"आत्ता नको, दादा." सम्मेदने ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "क्षमावाणीला मागा, सगळे मागतात तेव्हा. त्या दिवशी मला पण मागायचीय."

आणि त्याने गाडीचं दार उघडून धरलं.